चूल पेटवायला सांगणाऱ्या ताईंना

ताई,



हे पत्र तुमच्या वाहिनीच्या साहेबांना लिहा, असं इथल्या दोघातिघांनी मला सुचवलं. पण साहेब काही आमच्याकडे आले नव्हते. तुम्ही आला होतात. ओट्यावर बसून चहा घेतलात, सगळ्या बायांना काकू म्हणालात, निघताना पोरीच्या आजीच्या पाया पडलात. गाऱ्हाणं न्यायचं तर ओळखीच्या माणसाकडे. आधी मी तुमच्या फोनवर निरोप टाकून पाहिला. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. तुम्ही जे दाखवलंत ते अख्ख्या महाराष्ट्राला दाखवलंत, तेव्हा आमचं जे काही म्हणणं आहे तेही आता उघड्यावरच मांडते.

पोरीचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. वर्धा जिल्हा, देवळी तालुका, एवढं पुरे. ती दोन्ही नावं पडद्याच्या खालच्या पट्टीत इतक्या वेळा फिरली आहेत की आता ती थोडी झाकून ठेवावीशी वाटतात. माझी ओळख तुम्ही 'गुरू' अशी करून दिलीत. मी गुरूबिरू कुणाची नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी आणि गणित शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. पेटी वाजवता येते म्हणून गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला आणि भजनाला साथ करते. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आमच्या भागात गावोगाव चालतात. पोर त्यातच वाढली. बाप खंजिरी वाजवायचा आणि ती त्याच्या मांडीवर बसून ताल धरायची. बोलायला लागायच्या आधी तिला ठेका कळत होता, असं तिची आजी सांगते. त्यातला आजीच्या कौतुकाचा भाग सोडून दिला तरी आवाज खरोखर गोड आहे आणि सुराला ती पक्की आहे. तुमच्या गाण्याच्या स्पर्धेच्या ऑडिशनला तुम्ही तिला घेतलंत ते या आवाजासाठी, असंच आम्ही धरून चाललो.

मग तुम्ही 'एव्ही' करायला आलात. एव्ही म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मूल गाण्याआधी दीड-दोन मिनिटं त्याचं घर, गाव, आईबाप दाखवायचे. छानच की, म्हटलं. गावाला कोण आनंद झाला! कुणी अंगण सारवून दिलं, शेजारणीनं ठेवणीतला टी-सेट आणून दिला. घरात फ्रीज आहे. पोरीच्या आईनं तो हप्त्यानं घेतलाय, हप्ते फिटलेत. तुम्ही येणार म्हणून तिनं त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला होता. तुम्ही आत आलात, नजर फिरवलीत आणि बरोबरच्या मुलाला म्हणालात, फ्रीज फ्रेममध्ये नको. त्यानं फ्रीजवर सतरंजी पांघरली. टी-सेट ज्या वाटेनं आला त्या वाटेनं परत गेला. मग स्वयंपाकघर. गॅसची शेगडी बघून तुम्ही किती गोड आवाजात विचारलंत, "काकू, चूल नाहीये का?" चूल आहे, परसात, आंघोळीचं पाणी तापवायला. "मग तिथेच बसू या ना, भाकरी थापताना." पोरीची आई म्हणाली, आमच्यात रोज पोळ्याच असतात, आजचा स्वयंपाक झालाय, तुम्हीही दोन घास खाऊन घ्या. तुम्ही हसलात. थोड्या वेळानं ती परसात चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, ओली काटकी धुमसत होती, आणि तुमचा कॅमेरावाला तिच्या डोळ्यांपाशी गेला होता. धुरानं आलेलं ते पाणी तुम्ही पुढे कोणत्या वाक्याला जोडलंत, ते आम्ही टीव्हीवर पाहिलं.

शेताचंही तसंच. ती बाई अंगणवाडीत मदतनीस आहे. तुम्हाला ती शेतात हवी होती, कापूस वेचताना. महिना जुलै! ताई, जुलैत कपाशी वीतभर असते, बोंडं फुटायला दसरा-दिवाळी उजाडावी लागते. हे ऐकून तुमचा जरा हिरमोड झाला. मग निंदताना दाखवू, असं ठरलं. शेत शेजाऱ्याचं, खुरपं शेजारणीचं. पट्टीत लिहून आलं, 'आई : शेतमजूर'. मदतनिसाला मानधन काय मिळतं ते विचारलं असतंत, तर तुम्हाला हवी तेवढी गरिबी त्यातही सापडली असती. ती दाखवायला चूल लागली नसती.

एवढ्यावर थांबला असतात तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. टीव्हीवाले असेच, म्हटलं असतं.

पोरीचे वडील ती पहिलीत असताना गेले. कसे गेले ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा, या सहा जिल्ह्यांची नावं एका दमात घेतली की कुठल्याही मराठी माणसाला उरलेलं कळतं. 2006 साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं ते याच सहा जिल्ह्यांसाठी. आमच्याकडे अशा मरणाची एक सरकारी वाट असते. तलाठी येतो, पोलीस पंचनामा होतो, मग प्रकरण समितीपुढे जातं. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुणाच्या नावावर, वसुलीचा तगादा होता की नव्हता, हे सगळं तपासून ते मरण पात्र की अपात्र हे ठरतं. पात्र ठरलं तर घरच्यांना एक लाख रुपये, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. या घराचं शेत आजोबांच्या नावावर होतं. प्रकरण अपात्र ठरलं. पोरीच्या आईनं तो कागद कपाटात ठेवून दिला, अंगणवाडीचं काम धरलं आणि दोन वर्षांत घर उभं केलं. नवऱ्याच्या जाण्याबद्दल ती कुणाशी बोलत नाही. आम्हीही विचारत नाही. गावात एवढी रीत पाळली जाते.

सरकारदरबारी जे मरण अपात्र ठरलं, ते तुमच्याकडे पहिल्या फेरीत पात्र झालं.

पोरीला तुम्ही पायरीवर बसवलंत. मी पेटी घेऊन शेजारीच होते, म्हणून सगळं ऐकलंय. तुम्ही विचारलंत, बाबांची आठवण येते का? ती म्हणाली, "येते ना. माहे बाबा खंजिरीले तार बांधत. एक डाव वाजवता वाजवता झांज निसटली अन् भिंतीवरच्या फोटोवर जाऊन आपटली!" आणि ती खळखळून हसली. आजीही हसली. त्या घरात बापाचं नाव निघाल्यावर हसू आलेलं मी फार दिवसांनी पाहत होते. तुम्ही म्हणालात, "कट. बेटा, हसू नको ना. बाबा आता नाहीत ना?"

ताई, नऊ वर्षांच्या पोरीला हे असं समजावून सांगायचं असतं?

तिनं पुन्हा तेच सांगितलं, कारण तिला तेच आठवतं. तुम्ही परत थांबवलंत. ते शेतात गेले होते ना त्या दिवशी? मग घरी कुणी आणलं? तू कुठे होतीस? आई काय करत होती? पोर तुमच्याकडे बघायची, मग आईकडे. एकदा म्हणाली, "मले नाई सांगायचं ते. मी गाणं म्हणू का?" तुम्ही म्हणालात, गाणं स्टेजवर, आत्ता बाबांची गोष्ट. तिची आई पुढे आली, म्हणाली, झालं ना आता, लेकरू दमलं. त्यावर तुमचं उत्तर मला शब्दशः आठवतं : "काकू, आपण हे तिच्यासाठीच करतोय. लोक जोडले गेले नाहीत तर व्होट कसे येणार?" आईला हे नवं होतं. पोरीचं भलं आपल्याच हातून अडतंय की काय, अशी ती बावरून मागे सरली. शेवटी पोर रडली. बापाच्या आठवणीनं रडली, भुकेनं रडली की तुम्ही सोडत नव्हतात म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. तुम्ही मात्र अंगठा वर केलात.

सेटवर मी बरोबर होते. सेवाग्राम एक्सप्रेसनं आलो, दादरला तुमची गाडी न्यायला आली, जेवणखाण, राहणं, सगळं व्यवस्थित होतं. खोटं कशाला बोलू? पोरीला फेटा बांधला तेव्हा ती आरशापुढून हलेना. आपलं गाणं झकास होणार याची तिला खात्री होती. मग तुमची एव्ही लागली, मागे सारंगी की काय ते लावलेलं, आणि दिवे लागले तेव्हा परीक्षक डोळे पुसत होते. ती गायली. उत्तम गायली. मध्ये एका ठिकाणी तिनं खंजिरीचा ठेका बदलून समेवर येताना जी गंमत केली ती तिला कुणी शिकवलेली नव्हती, ती तिच्या बापाची होती. टीव्हीवर तो तुकडा आलाच नाही. तिथं प्रेक्षकांतली एक बाई रडताना दिसली. गाणं संपल्यावर परीक्षक उठून आले, पोरीला जवळ घेतलं, पुन्हा रडले, बाबांबद्दल बोलले. गाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. रात्री खोलीवर आल्यावर पोरीनं मला विचारलं, "मॅडम, ते सारे कायले रडले? मी बेसूर झाली का?"

याचं उत्तर मी तिला काय द्यायचं होतं, ते तुम्ही सांगा.

पुढे काही आठवड्यांनी ती स्पर्धेतून बाहेर पडली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तिच्याहून सरस गाणारी मुलं होती, ती राहिली. हरणं पोरीला कळतं. शाळेत लंगडीत ती रोज हरते. गाऱ्हाणं नंतरचं आहे. वर्गातली पोरं तिला आता तिच्या नावानं हाक मारत नाहीत. कोणत्या शब्दानं मारतात तो शब्द तुम्ही ओळखाल, तुमच्याच प्रोमोत तो मोठ्या अक्षरात होता. लेकरंच ती, त्यांना काय बोलायचं! नात्यातल्या लोकांनी आईला ऐकवलं की नवऱ्याच्या मरणावर टीव्हीत गेलीस. आणि सगळ्यात वाईट, माझ्या मते, हे : आता घरी कुणी पाहुणा आला की पोर आपणहून ती गोष्ट सांगायला लागते. घरी ती 'माहे बाबा' म्हणते, पण ही गोष्ट सांगताना 'माझे बाबा' म्हणते, तुमच्या पुणेरी वळणानं. 'त्या दिवशी' म्हणून थांबते, खाली बघते, मग पुढचं वाक्य. थांबायचं कुठं ते तुम्ही शिकवलंत. पाहुणे हळहळतात, दहा-वीस रुपये हातावर ठेवतात. झांज निसटून फोटोवर आपटल्याची गोष्ट ती आता सांगत नाही. त्या गोष्टीला 'कट' मिळाला होता.

तुम्ही म्हणाल, आम्ही सगळं कायद्यानं केलं. केलं असेल. मी ते नियम मिळवून वाचले. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आली, पण कलावंत म्हणून पडद्यावर काम करायला मोकळीक राहिली, अटींवर. 2017च्या नियमांत त्या अटी आहेत. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग 27 दिवसांहून जास्त नाही. शाळा बुडता कामा नये. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी, सोबत मुलांची यादी आणि पालकांची संमती. मुलाच्या कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं ठेवीत. आणि कार्यक्रम दाखवताना अशी सूचना की चित्रीकरणात मुलांचा छळ, हेळसांड, पिळवणूक होऊ नये याची सगळी काळजी घेतली आहे. ती सूचना तुमच्या कार्यक्रमाआधी येते. मी ती वाचायचा प्रयत्न केलाय. चष्मा नाकावर येईपर्यंत ती गेलेली असते.

नियम वाईट नाहीत. पण ते बघा कशाचे आहेत : तासांचे, सुट्टीचे, ठेवीचे. पोर पायरीवर बसली होती ती पाच तासांच्या आतच. आमच्या हिशेबी तिची कमाई शून्य, कारण स्पर्धकाला बक्षीस मिळालं तर मिळालं. मग वीस टक्के कशाचे काढायचे? संमती आईनं दिली, जाडजूड इंग्रजी करारावर जिथं जिथं पेन्सिलीनं फुली होती तिथं तिथं मराठीत सही करून. तो करार वर्ध्याच्या एका वकिलांनी नंतर आम्हाला वाचून दाखवला. जगभर, सर्व माध्यमांत, कायमचे हक्क, असं त्यात आहे. म्हणजे ही पोर उद्या शिक्षिका झाली, नर्स झाली, तिचं लग्न ठरलं, तरी तिचं नाव टाकल्यावर पहिल्यांदा ती पायरी दिसणार. त्याच नियमांत असंही म्हटलंय की मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध भाग घ्यायला लावू नये. "मले नाई सांगायचं ते" यापेक्षा स्पष्ट कसं सांगतात मला माहीत नाही.

2019च्या जूनमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं सगळ्या खाजगी वाहिन्यांना सूचना पाठवली, की नाचाच्या कार्यक्रमांत लहान मुलांना न शोभणाऱ्या रीतीनं दाखवू नका. बरोबरच होतं. पण लहान मुलाच्या कपड्यांत काही वावगं असलं की ते आपल्याला लगेच दिसतं. त्याच्या तोंडी घातलेल्या दुःखाचं कुणाला काही वाटत नाही, उलट डोळे भरून येतात.

आता वर्ध्याचं सांगते, कारण आम्ही काही कॅमेऱ्याला बुजणारी माणसं नाही. 2005-06च्या सुमारास आमच्याच जिल्ह्यातल्या डोरली गावानं 'गाव विकणे आहे' म्हणून जाहीर केलं आणि देशभरचे पत्रकार तिथं लोटले. त्याच 2006 साली पंतप्रधान मनमोहनसिंग जिल्ह्यातल्याच वायफडला आले, तेव्हाही कॅमेऱ्यांची रीघ होती. आपलं दुःख वेशीवर टांगायचं, हे डोरलीच्या लोकांनी आपणहून ठरवलं. ती मोठी माणसं होती, त्यांना काही मागायचं होतं, कुणाकडे मागायचं तेही ठाऊक होतं. त्यांच्यावर कुणी हसलं असेल, पण त्यांना कुणी फसवलं असं म्हणता यायचं नाही. आमची पोर कुणाकडे काय मागत होती? ती गायला आली होती.

मुलांनी काम करू नये, त्यांच्या कामाला मोल नसावं, असंही आम्हाला म्हणता येणार नाही. बाकी कुठं म्हणतील, वर्ध्यात नाही. 1937च्या ऑक्टोबरमध्ये इथेच, मारवाडी विद्यालयात, म्हणजे नंतरच्या नवभारत विद्यालयात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम निघाली. सात ते चौदा वर्षांच्या मुलांनी हाताचा उद्योग शिकावा, त्यातूनच बाकीचं शिक्षण व्हावं, आणि मुलांनी केलेल्या वस्तूंतून शिक्षकाचा पगार निघावा, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मुलांच्या कमाईवर शाळा! त्याच परिषदेत प्राध्यापक के. टी. शहा उभे राहिले आणि गांधीजींच्या तोंडावर त्यांनी याला विरोध केला. झाकीर हुसेन यांच्या समितीनं योजना मान्य केली, पण अहवालात धोकाही लिहून ठेवला : कमाईच्या नादात शिक्षण बाजूला पडू शकतं, मास्तर मुलांना राबवून घ्यायला लागतील. योजनेच्या बाजूच्या लोकांनीच तो धोका मांडला होता, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवींनी नई तालीमची शाळा चालवली, त्यावर वाद व्हायचे ते झाले, अजून होतात. पण तकलीवर काढलेलं सूत मुलाच्या हातचं होतं. ते मोजता यायचं, चांगलं-वाईट ठरवता यायचं, आणि उद्या आणखी बारीक काढता यायचं. आमच्या पोरीचं सूत म्हणजे तिचं गाणं. ते तुम्ही कापलंत आणि दुसरंच काही तोललंत. झाकीरसाहेबांसारखं आपल्या कामातला धोका आपणच लिहून ठेवणारं तुमच्याकडे कुणी आहे का?

तुमच्या कार्यक्रमांचा मला सरसकट राग नाही. 2008-09चे लिटल चॅम्प्स मीही पाहिले आहेत, तेही न चुकता. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत. महाअंतिम सोहळ्याच्या रात्री आमच्या गावात रस्त्यावर माणूस नव्हता. पाचही जण आज गाताहेत, मोठे झालेत, त्यांचं बरं चाललंय. कुणी असल्या कार्यक्रमांविरुद्ध बोललं की हीच पाच नावं पुढे केली जातात, आणि ती खरी आहेत. पण त्याच वेळी त्यांच्याबरोबर सुरुवात केलेल्या बाकीच्या मुलांची नावं सांगा बघू. मलाही येत नाहीत, मी न चुकता पाहत होते तरी. आणि त्या पाचांनाही एकेक टोपणनाव चिकटवलं होतं, कुणी मोदक, कुणी मॉनिटर, कुणी रॉकस्टार. तेव्हा गोड वाटलं. लहानशा पोरानं हातात धरलेला माईक बघून आपण विरघळतो, तेव्हा आपल्यालाही फारसं सुचत नाही. पण मोदक म्हणणं निराळं आणि आमच्या पोरीला जे चिकटलं ते निराळं.

नाव चिकटणं म्हणजे काय ते गेल्या काही वर्षांत पुष्कळदा दिसलं. 2021 साली एका हिंदी नाचाच्या कार्यक्रमात आसामच्या लहान मुलीची ओळख करून देताना निवेदकानं चिनी भाषेची नक्कल केली, मोमोचं नाव घेतलं. आसामच्या मुख्यमंत्र्यांनी निषेध केला तेव्हा कुठे माफी आली. 2025च्या ऑक्टोबरमध्ये 'कौन बनेगा करोडपती'त गांधीनगरचा पाचवीतला एक मुलगा आगाऊपणे बोलला आणि एक पैसा न घेता घरी गेला. दहा वर्षांचं पोर! त्यानंतर त्याला शिव्या देणाऱ्यांत माझ्या ओळखीचे निवृत्त मुख्याध्यापक होते, ज्यांच्या वर्गात असले चार आगाऊ दरवर्षी असायचे. आणि 2008 सालची कोलकात्याची मुलगी तर तुमच्या धंद्यातल्या कुणी विसरू नये. सोळा वर्षांची होती, नाचाच्या कार्यक्रमात परीक्षक टाकून बोलले, त्यानंतर तिचं बोलणं गेलं, हातपाय हलेनात, असं घरच्यांनी सांगितलं. तिला उपचाराला बंगळुरूच्या निमहान्समध्ये न्यावं लागलं. तेव्हा देशभर चर्चा झाली. मग पुढचा हंगाम सुरू झाला.

परीक्षक आता टाकून बोलत नाहीत, हे मात्र खरं. आता ते रडतात. तुम्ही शिकलात म्हणायचं. मुलाला रागावलं की लोक वाहिनीवर चिडतात. मुलासाठी रडलं की वाहिनीवर प्रेम करतात. पोरीच्या वाट्याला दोन्हीकडून एकच येतं : तिच्या गाण्याकडे कुणाचं लक्ष नाही.

कॅनडातल्या पाच बहिणींची गोष्ट मी वर्तमानपत्रात वाचली होती, ती या दिवसांत पुन्हा शोधून वाचली. 1934 साली ऑन्टारियोतल्या एका गरीब शेतकऱ्याच्या घरी, हो, शेतकरीच, एका वेळी पाच मुली जन्मल्या आणि पाचही जगल्या. सरकारनं त्यांना आईबापांकडून आपल्या ताब्यात घेतलं, घरासमोरच रस्त्यापलीकडे त्यांच्यासाठी वेगळी इमारत बांधली, आणि मुली अंगणात खेळताना लोकांना आडून बघता यावं अशी सोय केली. लाखो माणसं बघून गेली. मुलींचे फोटो साबणापासून सरबतापर्यंत लागले. सगळं त्यांच्या भल्यासाठी, असंच म्हटलं जात होतं. 1997 साली अमेरिकेत एका बाईला एकदम सात मुलं झाली, तेव्हा त्या पाचांतल्या हयात तीन बहिणींनी, साठी ओलांडलेल्या, त्या आईबापांना उघड पत्र लिहिलं : आमचं जे झालं ते तुमच्या मुलांचं होऊ देऊ नका, मुलं ही करमणूक नाही. पुढच्याच वर्षी ऑन्टारियोच्या सरकारनं त्यांना चाळीस लाख डॉलर भरपाई दिली. साठ वर्षं लागली. आमच्या पोरीनं साठ वर्षांनी पत्र लिहावं अशी माझी इच्छा नाही, म्हणून तिच्या वतीनं आत्ताच लिहितेय.

ताई, तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. तुमच्या वरही कुणी असेल, त्याला आठवड्याचे आकडे द्यावे लागत असतील. गाडीत बसल्यावर तुम्ही फोनवर कुणाला तरी सांगत होतात, "झालं, रडली," आणि तुमचा आवाज सुटल्यासारखा होता. त्या दिवसाचं तुमचं काम संपलं होतं. मला याचाच जास्त त्रास झाला. तुम्ही लबाडीनं केलं असतंत तर मी चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. तुम्ही ते नेकीनं केलंत. चांगल्या शिकलेल्या, मराठी बोलणाऱ्या, मोठ्यांच्या पाया पडणाऱ्या मुलीला तो दिवस चांगला गेला असं वाटलं.

मागणं फार नाही. ती एव्ही तुमच्या यूट्यूबवरून काढा. गाणं राहू द्या, गाण्याला आमची हरकत नाही. उलट पूर्ण टाका, ठेक्याचा तो तुकडा धरून. प्रोमोतला तो शब्द काढा. 'शेतमजूर' खोडून 'अंगणवाडी मदतनीस' लिहा. बाईनं स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं काम आहे ते. करारात तुमचे हक्क कायमचे आहेत हे मला वकिलांनी सांगितलंय, त्यामुळे कायद्याचं बोट दाखवू नका, मी कायद्यानं मागत नाहीये.

आणि एक. पायरीवर बसवून पहिल्यांदा विचारलंत तेव्हा पोर झांजेची गोष्ट सांगून हसली होती, आजीही हसली होती. तुम्ही 'कट' म्हणायच्या आधी तेवढं चित्रित झालेलं आहे, कॅमेरा चालू होता, मी दिवा पाहिला होता. तुमच्या कामाचं ते नव्हतं, पण इतक्या लवकर कुणी पुसलं नसेल. तेवढं आम्हाला पाठवा. पोरीच्या आईनं ते मागितलंय, मी नुसती लिहिणारी. कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही, देवळीला पडून राहतं. पेन ड्राइव्हमध्ये टाकून स्पीड पोस्टानं पाठवा. पत्ता तुमच्या करारात आहे.

आपली,
पेटीवाल्या बाई